शंभर गोल मारणारा क्लब सहा वर्षांत गायब कसा होतो?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच क्लबाभोवती फिरतायत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकावर ढकलले आणि हे सगळे एकत्र घेतले. क्लबचं नाव थर्ड लानार्क, गाव ग्लासगो.

प्रश्न : ग्लासगोतल्या एका पार्कचा फोटो बघण्यात आला. मधे फुटबॉलचं मैदान, तीन बाजूंना स्टेडियमच्या पायऱ्या, लाल रंगाचे लोखंडी कठडे, आणि त्या पायऱ्यांमधून चांगली मोठाली झाडं वर आलेली. हा फोटो खरा आहे की कुणाची कंप्युटरवरची करामत? आणि खरा असेल तर एवढं स्टेडियम असंच सोडून का दिलंय?

उत्तर : खरा आहे. जागेचं नाव कॅथकिन पार्क, शहराच्या दक्षिणेला, आणि सोडून वगैरे दिलेलं नाही, आता ती महापालिकेची सार्वजनिक बाग आहे, कुणीही जाऊ शकतं, तिकीट नाही. ग्लासगो सेंट्रलवरून लोकल पकडून क्रॉसहिल किंवा माउंट फ्लोरिडाला उतरायचं आणि तिथून चालत. स्कॉटलंडचा संघ जिथे खेळतो ते हॅम्पडेन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आता गंमत अशी की कॅथकिन पार्क हेही एके काळचं हॅम्पडेनच. क्वीन्स पार्क क्लबनं एकामागोमाग एक अशी तीन हॅम्पडेन याच भागात बांधली, त्यातलं हे दुसरं, 1884 ते 1903 त्यांच्याकडे होतं, मग ते आत्ताच्या हॅम्पडेनवर गेले आणि रिकामं झालेलं मैदान थर्ड लानार्कनं घेतलं. थर्ड लानार्क 1967 मधे बंद पडला. बसायचा स्टँड गेला पण उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या मातीच्या बांधावर होत्या त्या राहिल्या, आणि पन्नास-साठ वर्षं कुणी उपटली नाहीत तर झाडं येणारच. कठड्यांना रंग मात्र दिला जातो, लाल, क्लबचाच. आणि मैदानावर पोरं खेळतात अजून, क्लबचं नाव घेतलेला हौशी संघसुद्धा आहे, त्यामुळे फोटो बघून वाटतं तेवढं ते भुताटकीचं ठिकाण नाही.

प्रश्न : थर्ड लानार्क म्हणजे तिसरा लानार्क? मग पहिला आणि दुसरा कुठे गेले? आणि हा खरंच कधी मोठा क्लब होता का, की आपला गल्लीतला क्लब आणि नंतर जुन्या आठवणी काढणाऱ्यांनी त्याला मोठा केला?

उत्तर : पहिला-दुसरा क्लब नव्हताच. लानार्कशायर परगण्यातल्या स्वयंसेवक सैनिकांची तिसरी तुकडी, थर्ड लानार्कशायर रायफल व्हॉलंटियर्स, त्यांनी काढलेला हा क्लब. 30 नोव्हेंबर 1872 ला ग्लासगोत स्कॉटलंड-इंग्लंड मॅच झाली, जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच, 0-0 सुटली, आणि ती बघून या तुकडीतल्या लोकांना वाटलं आपणही खेळू, की डिसेंबरमधे क्लब तयार. पुढच्याच वर्षी स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली त्या संस्थापक क्लबांत हे होते, आणि 1890 मधे स्कॉटिश लीग सुरू झाली तेव्हाच्या 11 क्लबांतही हे होते. (त्या 11 मधले ॲबरकॉर्न, केंबसलँग, काउलेअर्स, रेंटन, व्हेल ऑफ लेव्हन आणि थर्ड लानार्क असे सहा त्या जुन्या रूपात आज नाहीत, म्हणजे निम्म्याहून जास्त. क्लब बंद पडणं ही फुटबॉलमधे काही जगावेगळी गोष्ट नाही.)

मोठा होता का, तर हो, रेंजर्स-सेल्टिकएवढा नाही पण होता. 1903-04 ला लीग जिंकली. स्कॉटिश कप दोनदा, 1889 आणि 1905, दुसऱ्या वेळी फायनल बरोबरीत सुटल्यावर परत खेळवलेल्या मॅचमधे रेंजर्सला 3-1 हरवून. 1889 चा किस्सा तर सांगायलाच हवा. फायनल सेल्टिकशी, सेल्टिकचा तो पहिलाच पूर्ण सीझन, आणि मैदानावर बर्फ. मॅच झाली, थर्ड लानार्क 3-0 जिंकले, आणि मग असोसिएशननं ठरवलं की अशा बर्फात झालेली मॅच धरता येत नाही, परत खेळा. आठवड्यानं परत खेळले आणि परत जिंकले, 2-1. आणि ही फायनल झाली दुसऱ्या हॅम्पडेनवर, म्हणजे त्या तुमच्या झाडांच्या मैदानावरच, जे पुढे चौदा वर्षांनी त्यांचं घर झालं.

खेळाडूही साधे नव्हते. गोलकीपर जिमी ब्राउनली पहिल्या महायुद्धाआधी स्कॉटलंडकडून 16 मॅच खेळला. जिमी मेसननं 1949 मधे वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध गोल मारला, स्कॉटलंड 3-1 जिंकलं. पण त्याच वेळी हा अगदी आसपासच्या लोकांचा क्लब होता हे पण खरं, गोव्हनहिल, क्रॉसहिल, गॉर्बल्स या बाजूच्या माणसांचा. शनिवारी दुपारी चालत जायचं आणि चालत परत यायचं. सगळी गोष्ट यातच आहे, कारण पुढे ती माणसंच तिथून हलली.

प्रश्न : माझ्या वाचनात आलं की 1961 मधे हा क्लब लीगमधे तिसरा आला होता आणि 1967 मधे बंद पडला. सहा वर्षांत? हे मला पटतच नाही. काहीतरी गोलमाल असणार.

उत्तर : गोलमाल होताच, आणि तुम्हाला एकट्यालाच तसं वाटलं नाही, ब्रिटनच्या व्यापार खात्यालाही वाटलं आणि त्यांनी चौकशी लावली. त्यावर पुढे येतो.

आधी 1960-61. रेंजर्सचा जुना कॅप्टन जॉर्ज यंग मॅनेजर. फॉरवर्ड लाइनमधे डेव्ह हिली, ॲलेक्स हार्ली, मॅट ग्रे. शेवटच्या दिवशी हिबर्नियनला 6-1 धुतलं आणि सीझनचे बरोबर 100 गोल झाले, चॅम्पियन झालेल्या रेंजर्सपेक्षाही जास्त. मग चॅम्पियन का नाही झाले, तर खाल्ले 80. म्हणजे बघायला पैसा वसूल टीम, डिफेन्सचा मात्र आनंद. (मला व्यक्तिशः अशा टीम आवडतात, 1-0 वाल्यांपेक्षा.)

मग पडझड. बिल हिडलस्टन नावाचा ग्लासगोतला उद्योजक आधी पन्नाशीच्या दशकात क्लबात होता, मधे बाहेर पडला होता, तो 1962 च्या सुमारास शेअर्सच्या जोरावर परत आला आणि चेअरमन झाला. तो येतोय म्हटल्यावर जॉर्ज यंगनं राजीनामा दिला, काही डायरेक्टरही गेले. हिली 1962 ला न्यूकॅसलला विकला, हार्ली त्याच वर्षी मँचेस्टर सिटीला, ग्रे 1963 ला तोही सिटीला. खेळाडू विकणं हा गुन्हा नाही, छोटे क्लब त्यावरच जगतात, पण विकून आलेल्या पैशातून नवीन माणूस आणायचा असतो, आणि इथे तसं काही दिसलं नाही. 1964-65 मधे काय झालं ते आकड्यांतच बघा : 34 मॅच, 3 जिंकल्या, 1 बरोबरी, 30 हरल्या, पॉइंट 7. खाल्लेले गोल 99. चार वर्षांपूर्वी शंभर मारणारे आता नव्व्याण्णव खाऊन खालच्या डिव्हिजनमधे गेले.

आणि त्या काळातल्या कंजूसपणाच्या गोष्टी तर ग्लासगोत आजही सांगतात. पाहुण्या टीमला गरम पाणी नाही, पगार सुट्ट्या नाण्यांत, गेटवर जमलेली चिल्लर तशीच उचलून हातात, असलं बरंच काही. यातलं शब्दशः किती खरं आणि किती नंतर तिखटमीठ लावलेलं हा वेगळा विषय, पण बरेच किस्से खेळाडूंच्याच तोंडचे आहेत, आणि ज्या क्लबबद्दल असे किस्से तयार होतात तिथे कारभार नीट चाललेला नसतो एवढं तर धरून चालायला हरकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे जमीन. मैदान शहरात, चांगल्या वस्तीत. ते विकून तिथे घरं बांधायची आणि क्लब शहराबाहेर न्यायचा असं चाललं होतं. एकदा का मैदानाखालची जमीन मैदानावरच्या खेळापेक्षा महाग झाली की क्लब जिवंत ठेवण्यात मालकाला रस कशाला उरेल, टीम जितकी खराब, गर्दी जितकी कमी, तितकं 'आता हे चालत नाही बुवा' म्हणायला सोपं. गिरणगावात वाढलेल्या वाचकांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको. फक्त ग्लासगोत एक गोष्ट वेगळी झाली. महापालिकेनं घरांना परवानगीच दिली नाही. क्लब वाचला नाही पण जमीनही बिल्डरच्या घशात गेली नाही, आणि म्हणूनच आज तिथे झाडं आहेत. माझं स्पष्ट मत असं की क्लब कर्जानं मेला हे फक्त कागदावरचं कारण आहे.

प्रश्न : पण एक माणूस क्लब बुडवत होता तर सपोर्टर काय करत होते? 45 हजार लोक येत होते ना तिथे?

उत्तर : 45 हजार एकदा आले होते, 1954 मधे कपमधे रेंजर्सविरुद्ध, आणि त्यातले निम्मे तरी रेंजर्सचे असणार. तो आकडा सारखा सारखा पुढे करण्यात अर्थ नाही.

सपोर्टर कुठे गेले हा प्रश्न मात्र बरोबर आहे आणि त्याचं अर्धं उत्तर अक्षरशः पत्त्यात आहे. पन्नास आणि साठच्या दशकांत ग्लासगोनं जुन्या चाळवजा इमारती पाडायला घेतल्या, टेनेमेंट म्हणतात त्यांना, तीन-चार मजली दगडी, एका जिन्यावर सात-आठ बिऱ्हाडं, संडास बऱ्याचदा सामायिक. गॉर्बल्स जवळपास सगळं पाडलं. तिथली कुटुंबं कॅसलमिल्कसारख्या नव्या वसाहतींत गेली, नाहीतर ईस्ट किलब्राइड, कंबरनॉल्ड या नव्या शहरांत. घर चांगलं मिळालं, बाथरूम मिळालं, कोण नाही म्हणेल. पण चालत मैदानावर जाणारा माणूस आता दोन बस बदलून येणार, तेही 30 मॅच हरणाऱ्या टीमसाठी? त्यात ग्लासगोत तेव्हा मोठ्या पातळीवर खेळणारे सहा क्लब : रेंजर्स, सेल्टिक, पार्टिक थिसल, क्लाइड, क्वीन्स पार्क आणि हे. दोघांनी सगळी मलई खायची आणि उरलेल्या चौघांनी चमचा चाटायचा अशी परिस्थिती, जी आजही फार बदललेली नाही.

आणि दुसरं अर्धं उत्तर शेअर्सचं. सपोर्टरच्या हातात मतं नव्हती. तुम्ही आयुष्यभर तिकीट काढलंत म्हणून चेअरमन बदलता येत नाही, त्यासाठी शेअर लागतात आणि ते हिडलस्टननं गोळा केले होते. यायचं थांबवलं तर क्लब अजून खड्ड्यात आणि येत राहिलं तर पैसे त्याच माणसाच्या खिशात, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मी सपोर्टरना दोष देणार नाही.

25 एप्रिल 1967 ला कॅथकिनवर शेवटची मॅच झाली, क्वीन ऑफ द साउथशी, 3-3. बघायला सव्वातीनशे माणसं. तीन दिवसांनी डम्बार्टनला बोगहेडवर सीझनची शेवटची मॅच, 1-5 हरले, तो एक गोल ड्रू बस्बी नावाच्या तरुण पोरानं मारला (पुढे एअरड्री आणि हार्ट्सकडून खेळला, नाव कमावलं). त्या सीझनला क्लब दुसऱ्या डिव्हिजनमधे मधोमध कुठेतरी होता, तळाला पण नव्हता. उन्हाळ्यात देणेकरी कोर्टात गेले आणि कंपनी मोडीत निघाली.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे साल. 1967 हे स्कॉटिश फुटबॉलचं सोन्याचं साल. एप्रिलमधे स्कॉटलंडनं वेम्बलीवर वर्ल्ड चॅम्पियन इंग्लंडला 3-2 हरवलं. 25 मे ला सेल्टिकनं लिस्बनमधे इंटर मिलानला हरवून युरोपियन कप जिंकला, ब्रिटनमधला पहिला क्लब. रेंजर्स त्याच महिन्यात दुसऱ्या युरोपियन स्पर्धेच्या फायनलला. अख्खं शहर नाचत होतं, अशात एक 95 वर्षांचा क्लब बंद पडतोय याकडे बघायला वेळ कुणाला?

प्रश्न : कुणाला शिक्षा झाली का?

उत्तर : नावाला. व्यापार खात्याच्या चौकशीत चेअरमनच्या एकहाती कारभारावर कडक ताशेरे होते, पण तोवर हिडलस्टन नोव्हेंबर 1967 मधेच वारला होता. बाकीच्या चार माजी डायरेक्टरांना 1948 च्या कंपनी कायद्याचा भंग केला म्हणून प्रत्येकी 100 पाउंड दंड झाला. हिली नुसता एकटा विकून हजारो पाउंड आले होते, त्यापुढे हे शंभर पाउंड काय ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : इंग्लंडमधे बंद पडलेले क्लब सपोर्टरनी परत उभे केले म्हणतात. मग इथे का नाही जमलं?

उत्तर : थोडंफार जमलं, हौशी पातळीवर, ते वर सांगितलं. मोठ्या लीगमधे का नाही याची कारणं माझ्या मते काळाची आहेत. ॲक्रिंग्टन स्टॅनलीचं उदाहरण घ्या, 1962 मधे लीग अर्ध्यात सोडली, पुढे क्लब संपला, 1968 मधे गावातल्या लोकांनी नव्यानं काढला आणि लीगमधे परत यायला 2006 उजाडलं. पण ॲक्रिंग्टन छोटं गाव, तिथे दुसरा क्लब नाही, सगळ्यांना तोच हवा. ग्लासगोत ज्याला फुटबॉल बघायचं त्याच्याकडे पाच पर्याय होते, शनिवार रिकामा गेला नाही.

नंतरचे क्लब वाचले कारण सपोर्टर शहाणे झाले. 2002 मधे विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाल्यावर सपोर्टरनी स्वतःच्या मालकीचा एएफसी विम्बल्डन काढला, पार्कात ट्रायल घेऊन पोरं निवडली, आणि खालच्या खालच्या पायरीवरून वर आले. बरी हा 1894 पासून लीगमधे असलेला क्लब 2019 मधे मालक पैसे भरू शकतो हे दाखवू शकला नाही म्हणून लीगनं काढून टाकला, सपोर्टरनी आधी वेगळा क्लब काढला आणि 2023 मधे सगळे भांडून-तंडून एकत्र होऊन जुन्या मैदानावर परतले. आणि ग्लासगोतच 2012 मधे रेंजर्सची कंपनी मोडीत निघाली तेव्हा नव्या कंपनीनं मालमत्ता विकत घेतली आणि टीम चौथ्या पातळीवरून परत सुरू झाली. ते शक्य झालं कारण मागे हजारो माणसं होती, मैदान होतं. थर्ड लानार्कच्या वेळी मैदान गेलेलं, माणसं पांगलेली, आणि 'सपोर्टरनी क्लबचे मालक व्हायचं' ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

आता इंग्लंडमधे 2025 चा फुटबॉल गव्हर्नन्स कायदा आलाय, स्वतंत्र नियामक आहे, क्लबला मैदान विकायचं तर आधी त्याची परवानगी लागणार. साठ वर्षं उशीर झाला असं म्हणता येईल. शिवाय तो कायदा इंग्लंडचा, स्कॉटलंडला लागू नाही, त्यामुळे थर्ड लानार्कच्या बाबतीत तसंही काही फरक पडला नसता.

प्रश्न : 1978 च्या वर्ल्ड कपला स्कॉटलंडचा मॅनेजर असलेला ॲली मॅक्लाउड थर्ड लानार्ककडून खेळलाय का? मित्राशी पैज लागलीय.

उत्तर : पैज तुम्ही 'हो' वर लावली असेल तर जिंकलात. लेफ्ट विंगर, 1949 पासून 1955 पर्यंत, मग सेंट मिरन, ब्लॅकबर्न (1960 ची एफए कप फायनल खेळला, हरले), हिबर्नियन, आणि 1963 मधे थोडा काळ परत थर्ड लानार्क, म्हणजे पडझड त्यानं आतून पाहिली. अर्जेंटिनाला जाण्याआधी त्यानं लोकांच्या अपेक्षा आभाळाला नेऊन ठेवल्या होत्या, मग पेरूनं 3-1 हरवलं, इराणशी 1-1, आणि हॉलंडला 3-2 हरवूनही गोलफरकावर घरी. तसा अर्जेंटिनाशी या क्लबाचा संबंध त्याच्या कितीतरी आधीचा, 1923 मधेच थर्ड लानार्क बोटीनं तिकडे दौऱ्यावर जाऊन आले होते.